मोरा ते कोचीन, एका उलट्या पाइपासोबत

माझा व्यवसाय सांगितला की लोक मला बोटीवरचा माणूस समजतात. मी तसा नाही. मी पनवेलला राहतो, बेलापूरच्या एका ऑफिसात ड्रॉइंग बोर्डासमोर उभा असतो आणि जहाजांच्या इंजिनरूमचे नकाशे काढतो. कुठले यंत्र कुठे बसवायचे, समुद्राचे पाणी कोणत्या पाइपाने आत घ्यायचे, डिझेल कुठून कुठे न्यायचे, हे मी कागदावर ठरवतो. अठरा वर्षांत चौदा जहाजांचे पाईप मी काढले. त्यांतल्या पाचांवर चढलोही होतो, पण ती गोदीत बांधलेली होती, इंजिने बंद होती. चालत्या जहाजावर एकदाही गेलो नव्हतो. मला पोहता येत नाही, आणि खोल पाण्याची भीती वाटते हे ऑफिसात मी कधी कोणाला सांगितले नव्हते.

एक्याण्णवच्या जानेवारीत जाणे भाग पडले. आमच्याच नकाशांवर बांधलेल्या, सात वर्षे चाललेल्या एका मालवाहू जहाजात तेल आणि पाणी वेगळे करणारे नवे यंत्र बसवायचे होते. त्यासाठी जागेवर मापे हवी होती. जहाजाला बंदरात एक दिवसही फुकट घालवायचा नव्हता, म्हणून मी मुंबई ते कोचीन प्रवासात मापे घ्यावीत असे ठरले. अंतर पाचशे ऐंशी सागरी मैल, वेग ताशी दहा मैल, म्हणजे अठ्ठावन्न तास. जहाजाचे नाव मुद्दाम देत नाही. ते अजून चालते आहे.

बायकोने, सुमनने, पिशवीत लिंबे, आलेपाक आणि दोन जाड टॉवेल भरले. जहाज धड आहे ना, एवढे तिने विचारले. त्याची इंजिनरूम मीच काढली आहे, असे मी तिला थोड्या ऐटीत सांगितले.

मोरा

जहाज मुंबई बंदरात मोऱ्याच्या बाजूला नांगरून उभे होते. पहाटेच्या एसटीने उरण गाठले आणि तिथून मोऱ्याच्या धक्क्यावर गेलो. ऑफिसने एक मचवा ठरवला होता. नाखवा हिरामण, साठीचा, अंगाने काटक. धक्क्यावर बोंबील वाळत होते आणि मुंबईची लाँच भरत होती. त्याने माझ्या पाठीवरची नकाशांची लांब नळी पाहून बंदूक आहे का म्हणून विचारले. कागद आहेत म्हटल्यावर त्याचा माझ्यातला रस कमी झाला.

जवळून जहाज फार उंच दिसते. बाजूला दोराची शिडी सोडली होती, लाकडी पायऱ्यांची. मचवा वर-खाली होत होता, शिडी जागेवर होती. मी हात पुढे केला तेव्हा हिरामणने माझा दंड धरून मागे ओढला.

“सायेब, मचवा वर येल तवा शिडी धरा. खाली जाताना धराल तर खालनं मचवा वर येल, आनि मदी तुमी.”

तीन लाटा मी सोडल्या. चौथीला धरली. पायऱ्या मोजत गेलो, कारण मोजताना मला कमी भीती वाटते. चौदाव्या पायरीवर खिशातला पोलादी टेप निसटला आणि पाण्यात गेला. खालून हिरामण ओरडला, “टेप गेला. तुमी हाय ना?” मी आहे म्हणालो. बावीस पायऱ्या होत्या.

असा मी मापे घ्यायला गेलो आणि मापाचे साधन समुद्राला देऊन जहाजावर पोचलो.

खाली

इंजिनरूमचा मुख्य असतो चीफ इंजिनियर. आमचे चीफ मुकादमसाहेब, श्रीवर्धनचे, अठ्ठावन्न वर्षांचे, पांढरी आखूड दाढी. घराण्यातले चौथे दर्यावर्दी. मी कोण ते कळल्यावर त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि म्हणाले, “आमची इंजिनरूम तुम्ही बनवली? चला, आता तिच्यात राहून बघा.” मग स्वतःची लाकडी घडीची फूटपट्टी मला दिली आणि कानांत घालायला कापूस.

ज्यांनी इंजिनरूम पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. वरच्या डेकवरून तीन उभ्या लोखंडी जिन्यांनी, सत्तेचाळीस पायऱ्या उतरून खाली जायचे. उतरताना प्रत्येक जिन्याला उष्णता वाढते. तळाशी त्रेचाळीस अंश होते. आवाज कानांनी ऐकू येत नाही, तो छातीत आणि दातांत जाणवतो. बोलायचे तर समोरच्याच्या कानाला तोंड लावून, नाहीतर हाताच्या खुणांनी. पायाखाली जाळीचे पत्रे, पत्र्यांखाली काळे पाणी, त्याखाली बारा मिलिमीटरचे पोलाद आणि त्यापलीकडे समुद्र. तो बाराचा आकडा मला पाठ होता. तिथे उभा राहिल्यावर तो फार लहान वाटला.

माझे नकाशे एकास पंचवीस प्रमाणात असतात. कागदावर ज्या फटीत माझा अंगठा मावत नसे, तिथे मी आता अख्खा उभा होतो, आणि प्रत्येक पाईप मला ओळखू येत होता. हा समुद्राच्या पाण्याचा. हा आग विझवायच्या पंपाचा, ज्याच्या वळणासाठी मी दोन दिवस घालवले होते. थोडा वेळ बरे वाटले.

कंट्रोल पॅनेलजवळ गणपतीची तसबीर होती, तिला प्लॅस्टिकच्या फुलांचा हार. शेजारी मुकादमसाहेबांनी लावलेली कुराणातली एक आयत. आपल्याकडे देवापुढे आधी दिवा लावतात. इथे देवापुढे दिवा लावायला सक्त मनाई आहे, उदबत्तीलाही. सगळे हात जोडतात आणि कामाला लागतात.

माझ्या मदतीला एक ऑइलमन दिला होता, म्हणजे यंत्रांना तेल-पाणी बघणारा माणूस. रामनाथ ठाकूर, चाळिशीचा, चिरनेरचा. मी पनवेलचा म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. मी कोण आहे हे त्याला ठाऊक नव्हते. मापे घ्यायला आलेला कोणी साहेब, एवढेच.

इंजिनरूममध्ये मुख्य इंजिनाच्या दोन बाजूंना वीज बनवणारे दोन जनरेटर असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. डावा चालू होता. ठाकूर मला त्याच्या मागून नेत होता, तेव्हा तो थांबला आणि इंजिनाच्या माथ्यावर लटकवलेला दूध पावडरचा एक डबा दाखवला. तारेने बांधलेला. त्याच्यावर डिझेलचा पाईप, पाइपाचा चार बोल्टांचा जोड, जोडाला गुंडाळलेले फडके. फडक्यातून डब्यात थेंब पडत होते.

डब्याच्या खाली, वीतभर अंतरावर, इंजिनाचा धूर बाहेर नेणारी जाड नळी होती.

ठाकूरने माझ्या कानाला तोंड लावले. “ह्याला आमी जावय म्हंतो. तासातासाला बगावं लागतं, नायतर रुसतो.” मग हसून पुढे म्हणाला, “ज्यानं हा पाईप काडला ना, त्या दिशी त्याचं बायकोशी भांडन झालं असंल.”

मी हसलो नाही. मी घड्याळ काढून थेंब मोजले. मिनिटाला अकरा.

मग मी नकाशांची नळी उघडली, त्या भागाचा कागद काढला आणि दिव्याखाली धरला. उजव्या जनरेटरचे डिझेलचे पाईप त्यावर बारीक, स्वच्छ काढलेले होते. डावीकडे एकही रेष नव्हती. तिथे माझ्या अक्षरात एक ओळ होती: ‘डावी बाजू अपोझिट हँड’.

हे समजावून सांगायला हवे. जहाज मधोमध कापले तर डावा भाग उजव्याच्या आरशातल्या प्रतिमेसारखा असतो. म्हणून आम्ही नकाशेवाले पुष्कळदा उजवा अर्धाच काढतो आणि डावीकडे लिहितो, आरशातल्याप्रमाणे उलटे करून घ्या. त्याने आठ-दहा तासांचे काम वाचते. आमच्या धंद्यात ही रोजची सवय आहे. पण जहाज आरशासारखे असते, इंजिने नसतात. ती कारखान्यातून दोन्ही सारखीच येतात. दोन पायांना दोन्ही उजवेच जोडे घ्यावेत, तशी. उजव्या जनरेटरचा पाईप त्याच्या डिझेल घ्यायच्या बाजूला अगदी बरोबर आला होता. तोच उलटा केल्यावर डाव्या जनरेटरच्या धुराच्या बाजूला आला. जहाज बांधणाऱ्या यार्डातल्या फिटरांनी विचारले नाही. त्यांनी तो पाईप इंजिनाच्या डोक्यावरून पलीकडे वळवला, तो थोडा तोकडा पडला, तर बोल्टांनी ओढून जोडला. ओढून बसवलेला जोड इंजिनाच्या थरथरीने ढिला होत राहतो.

ओळीखाली सही माझी होती. तपासणाऱ्याने उजवी बाजू तपासली होती. डावीकडे तपासायला काही नव्हतेच.

धुराची नळी तीनशे ऐंशी अंशांपर्यंत तापते. तिच्यावर जाड कापड गुंडाळलेले असते, पण कापडाला फटी असतात. डिझेल अडीचशे अंशांना, ठिणगीशिवाय, आपोआप पेटते. हे आकडे मला झोपेत विचारले तरी सांगता आले असते.

ठाकूरला मी काही बोललो नाही. कागद गुंडाळला आणि दुसऱ्या पाइपाचे माप घ्यायला गेलो. तेव्हा बारा वाजून दहा मिनिटे झाली होती आणि जहाज मोरा सोडून तासभर झाला होता.

दुसरा दिवस

सकाळी मला जेवणाच्या खोलीत बसवले. टेबलावरचे कापड ओले केलेले होते. मला वाटले काही सांडले आहे. ताटे घसरू नयेत म्हणून समुद्रात कापड ओलेच ठेवतात, असे कळले. ही युक्ती चांगली आहे. आचारी कन्नूरचा होता. त्याने पुट्टू आणि काळ्या चण्याचे कालवण दिले. पुट्टू म्हणजे तांदळाच्या पिठाचे नळीत वाफवलेले लांबट मुटके. चव चांगली असावी. मी चार घास खाल्ले आणि बाहेर कठड्याशी जाऊन परत केले. मग आलेपाक चघळत बसलो. डावीकडे गोव्याचा किनारा पुसट दिसत होता. उडणाऱ्या माशांचा थवा पाण्यावरून गेला. असे दृश्य जन्मात पाहिले नव्हते, आणि तरी माझे लक्ष पायाखालच्या थरथरीकडे होते. ती जरा बदलली की मी उठून उभा राही.

इंजिनरूममधली माणसे जेवताना मोठ्याने बोलतात. चार तास खाली राहून त्यांचे कान बधिर झालेले असतात. घरीही ते असेच ओरडतात आणि बायका वैतागतात, असे मुकादमसाहेब म्हणाले. सगळे हसले. मी त्या हसणाऱ्यांना मोजले. टेबलाशी सात जण होते. जहाजावर एकंदर तेवीस.

साडेनऊला खाली जाऊन थेंब मोजले. सतरा. अडीचला सव्वीस.

मी वहीत हिशेब मांडला. एका मिलिलिटरचे साधारण वीस थेंब. मिनिटाला सव्वीस म्हणजे चार तासांच्या पाळीत तीनशे बारा मिलिलिटर. डबा अर्ध्या लिटरचा, पाळीत एकदाच रिकामा होणारा, आणि जहाज डोलत असताना तो काठापर्यंत भरू देता येत नाही. थेंब चाळिसावर गेले की एका पाळीत डबा भरणार. वाढीचा वेग पाहता चाळीस दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आतच येतील. आणि हे सगळे जोडाच्या दोन तोंडांमधली चकती एकदम फुटली नाही तर.

बोललो तर काय होईल, हेही मी मांडून पाहिले. हा नकाशा तीन जहाजांना वापरला होता. म्हणजे चूक एकाची नाही, तिन्हींची. ऑफिस माझी नोकरी ठेवील की नाही सांगता येत नव्हते. थोरली मुलगी बारावीला होती. न बोलता दोन दिवसांनी मी कोचीनला उतरून गाडीने घरी जाऊ शकत होतो. जोड यार्डाने वाकवलेला, दुरुस्ती जहाजाची, मी तर दुसऱ्याच यंत्राची मापे घ्यायला आलेला. हा विचार मी साधारण वीस मिनिटे केला. तो लपवून ठेवला तर हे सगळे लिहिण्यात अर्थ नाही.

साडेतीनला मी चीफच्या केबिनचे दार वाजवले. मुकादमसाहेब नमाज आटोपून टोपी घडी करत होते. त्यांनी मला चहा दिला, कंडेन्स्ड दुधाचा, फार गोड.

“डाव्या जनरेटरचा तो पाईप,” मी म्हणालो. “तो यार्डाने चुकवला नाही. मी चुकवला.”

मी कागद उलगडला आणि ती ओळ दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. मग कागदाच्या रिकाम्या डाव्या बाजूवर बोट ठेवले.

“चार वर्षं मी या जहाजावर आहे,” ते म्हणाले. “चार वर्षं यार्डवाल्यांना शिव्या घातल्या. वाया नाही गेल्या, त्यांनी विचारायला पाहिजे होतं. पण निम्म्या आता तुमच्या नावावर वळवतो.”

मी मान हलवली.

“एक सांगा. हे ऑफिस बोलतंय की तुम्ही?”

“मी.”

“मग ठीक. ऑफिसला पाईप वाकवता येत नाही.”

अडचण वेगळीच होती. डावा जनरेटर बंद करायचा तर सगळी वीज उजव्यावर घ्यावी लागणार. उजवा बरोबर होता, पण त्याच्या पाण्याच्या पंपाचे सील, म्हणजे पाणी अडवणारी कडी, गळत होते, भार पडला की तो तापे. म्हणूनच चार दिवस डावा चालवत होते. कोचीनला सील बदलायचे ठरले होते. दोन्ही बंद पडले तर सुकाणू बंद, पंप बंद, दिवे बंद. शेकडो टन पोलादी पत्र्यांचा माल पोटात घेऊन जहाज वाटेल तिकडे वाहत जाणार.

त्यांनी कॅप्टनला फोन लावला आणि ठरवून टाकले. संध्याकाळी उजव्याचे सील बदलायचे, तोवर नवा पाईप तयार करायचा, आणि सकाळी उजेडात, कोळ्यांच्या होड्यांपासून दूर, अदलाबदल करायची. तोपर्यंत आग विझवायचे नळकांडे घेऊन एक माणूस त्या जोडापासून हलायचा नाही.

नवा पाईप डोक्यावरून नाही, तर इंजिनाच्या मागून, पत्र्यांखालून न्यायचा आणि बरोबर बाजूला वर काढायचा असे मी सुचवले. टेप नव्हता आणि फूटपट्टी वळणावर चालत नाही. मुकादमसाहेबांनी जाड तार काढली. जुने फिटर करतात तसे आम्ही ती तार पाइपाच्या वाटेने वाकवत नेली, मी एका टोकाला, ठाकूर दुसऱ्या टोकाला पोटावर पडून. अठरा वर्षे मी पाईप काढले, पण एका पाइपाची वाट हाताने चाचपली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

बातमी ठाकूरला कळली होती. तासभर तो तार वाकवत राहिला. मग पत्र्याखालून डोके काढून म्हणाला, “सायेब, काल बायकोचा इषय काडला, तो मागं घेतो.”

“भांडण झालं नव्हतं,” मी म्हणालो. “घाई होती.”

“तेच तर वंगाल,” तो म्हणाला आणि परत खाली गेला.

रात्रीचे काही लिहीत नाही. जोडापाशी माझ्या पाळीत शेवटचा आकडा चौतीस होता.

तिसरा दिवस, सकाळ

आठ वाजून पाच मिनिटांनी डावा जनरेटर थांबवला. सगळा भार उजव्यावर गेला तेव्हा दिवे एकदा मंद झाले आणि पुन्हा उजळले. मला काम एकच होते, उजव्याच्या पाण्याचा थर्मामीटर वाचून दर पाच मिनिटांनी बोटांनी आकडा दाखवायचा. ब्याण्णवला घंटा वाजते. पंचाण्णवला इंजिन स्वतःच बंद पडते. उजव्याचे सील रात्री बदलले होते, पण सगळा भार ते किती वेळ पेलेल हे कोणालाच माहीत नव्हते; सुरुवातीला अठ्ठ्याहत्तर होते.

ठाकूर आणि जहाजावरच्या फिटरने जुना पाईप काढला. मग धुराच्या नळीवरचे कापड उलगडायला घेतले. बाहेरचा थर तेलकट होता, तेवढेच. आतला थर मुकादमसाहेबांनी हातात घेतला आणि मला जवळ बोलावले. पंजाएवढा भाग काळा ठिक्कर होता. बोट लावताच त्याचा भुगा झाला. बाजूच्या पत्र्यावरचा रंग फोड येऊन उडाला होता.

त्यांनी माझ्या कानाशी येऊन सांगितले, “हे एकदा पेटलं होतं.”

कधी, ते कोणालाच माहीत नव्हते. पेटले होते आणि आपले आपण विझले होते. का विझले तेही सांगता येत नव्हते. ठाकूर त्या भुग्याकडे पाहत राहिला. तो त्याच्या शेजारी उभा राहून चार वर्षे डबा रिकामा करत होता. त्याने हळूच छातीला आणि कपाळाला हात लावला. मी थर्मामीटरकडे परत गेलो आणि बोटांनी आकडा दाखवला. चौऱ्याऐंशी.

नवा पाईप बसवला. तो बरोबर बाजूला आला, पण शेवटच्या जोडाला सहा मिलिमीटर कमी पडला. वेल्डिंग करताना वळण थोडे आवळले गेले होते. फिटरने लांब बोल्ट घेतले आणि मान हलवली, म्हणजे ओढतो. इंजिनरूममध्ये हे रोजचे असते. सहा मिलिमीटर कोणी मोजत नाही.

तेव्हा थर्मामीटरवर एकोणनव्वद होते.

मुकादमसाहेबांनी दोन्ही हात पसरून मला विचारले. पाईप काढून तापवून पुन्हा वाकवायचा तर निदान चाळीस मिनिटे. ओढून घेतला तर दहा. मी त्यांच्या कानाशी गेलो. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, म्हणून मी दोनदा म्हणालो, “ओढू नका. काढा.”

त्यांनी थर्मामीटरकडे एकदा पाहिले. मग म्हणाले, “तुम्ही म्हणताय. मी ऐकतोय.” आणि त्यांनी स्वयंपाकघर आणि शीतगृहाची वीज बंद करायला सांगितली.

नव्वद. ठाकूर आणि फिटर पाईप घेऊन वर्कशॉपकडे धावले. नव्वदच. मग एक्याण्णव. मी थर्मामीटरवरून नजर काढली नाही. त्या वेळी मनात देव आला नाही, घर आले नाही. फक्त पारा आणि त्याच्यावरची ती लाल खूण. कापलेल्या बोटातून रक्त येत होते, ते केव्हा कापले मला आजही माहीत नाही. एक्याण्णव. एक्याण्णव. पुन्हा नव्वद. नवे सील टिकले होते.

पाईप परत आला. जोडाची दोन तोंडे एकमेकांसमोर आली आणि बोल्ट हाताने, पान्याशिवाय, पोकळीत सरकले. हे दृश्य मी कधी विसरणार नाही. अकरा वाजून वीस मिनिटांनी डावा जनरेटर सुरू झाला. मी त्या जोडाखाली बसून दहा मिनिटे मोजले. एकही थेंब नाही.

दुपारी कन्नूरच्या आचाऱ्याने सुरमईचे कालवण आणि जाड लाल भात दिला. शीतगृह बंद ठेवल्याबद्दल त्याने माझ्याशी बोलणे सोडले होते, पण वाढले भरपूर. मी सगळे खाल्ले.

कोचीन

कोचीनबद्दल लोक मला विचारतात. चिनी जाळी पाहिली, नारळ पाहिले, बाकी फार थोडे आठवते. उतरल्यावर मी आधी एसटीडी बूथ गाठला आणि ऑफिसच्या मुख्यांना फोन केला. काय झाले ते सांगितले आणि बाकी दोन जहाजांना आजच कळवावे म्हणालो. ते म्हणाले, “चौलकर, लेखी काही करू नका. तोंडी बघू.”

मी बूथबाहेर उभा राहून विचार केला. तोंडी सांगितलेले इंजिनरूमपर्यंत पोचत नाही, तिथे ऐकूच येत नाही. मग पोस्टात जाऊन मी दोन पत्रे लिहिली. नकाशा क्रमांक, चूक कोणती, जोड कुठे, काय करावे. खाली माझे नाव, हुद्दा आणि सही. रजिस्टर करून टाकली.

नोकरी राहिली. मात्र आता मला नवे नकाशे देत नाहीत, जुने तपासायला देतात.

पनवेल

पहिल्या जहाजाचे उत्तर पाच आठवड्यांनी आले. तिथेही फडके होते, तिथेही डबा होता. पाईप बदलला. दुसऱ्या जहाजाचे पत्र जसेच्या तसे परत आले. ते जहाज वर्षापूर्वी परदेशी मालकाला विकले गेले होते. नाव बदलले, झेंडा बदलला. विकणाऱ्यांना लिहिले, जहाजांची नोंद ठेवणाऱ्यांना लिहिले. कोणाचे उत्तर नाही.

मे महिन्यात ठाकूर रजेवर चिरनेरला आला, तेव्हा आमच्याकडे पनवेलला आला. येताना करंडीभर आंबे घेऊन आला. ते जहाज मिळत नाही म्हटल्यावर त्याने बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, “आमी बगतो. रंग बदलंल, नाव बदलंल. आपल्याच जहाजाची भैन ती, चिमनी मी लांबनं वलखीन. मिलंल त्या बंदरात आमच्या मान्सांना सांगून ठेवतो. तुमी मला एक कागद काडून द्या, खिशात मावंल असा. भाषा समजो ना समजो, चित्र समजंल.”

मी पोस्टकार्डाएवढा जाड कागद घेतला आणि काढले. इंजिन, धुराची नळी, उलटा पाईप, त्यावर फुली. शेजारी बरोबर पाईप. खाली माझे नाव आणि घरचा पत्ता.

कोचीनहून आल्यावर सुमनला मी एवढेच सांगितले होते की काम झाले. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळे ऐकत होती. तिने ठाकूरला विचारले, “अशा जहाजावर माणसं किती असतात?”

“तेवीस, वैनी.”

तिने माझ्या हातातून तो कागद घेतला, खिडकीशी नेऊन पाहिला आणि परत आणून माझ्यापुढे ठेवला.

“इथे रेषा हलल्यात,” ती म्हणाली. “आणि डावीकडचं काढलंच नाही तुम्ही.”

खरेच, कागदाच्या उजव्या अर्ध्यात एकच इंजिन काढून मी थांबलो होतो, आणि ते कोणत्या बाजूचे हेही त्यावरून कळत नव्हते. मी नवा कागद घेतला आणि दोन्ही जनरेटर काढले, आधी उजवा, मग डावा, प्रत्येक पाईप शेवटपर्यंत.